तव्यावरचा शेवटचा घाणा

तुमच्या घरात जी तव्यापाशी उभी असते, तिने कधी गरम खाल्लंय का? फ्लॉवर भाजल्याचा खरपूस वास आला की मला करंजाड्याचं आमचं स्वयंपाकघर आठवतं आणि बसल्या जागी चुळबुळ सुरू होते. मी लहान होते तेव्हाचा एक मार्गशीर्ष होता, घरात मासळी बंद, म्हणून गव्हाणहून आलेली आत्या फ्लॉवरच्या तुऱ्यांना सुरमईला लावतात तोच मसाला आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर भाजत होती. बाहेर वडील आणि त्यांचे मित्र स्त्री-पुरुष समतेच्या पत्रकाचा मजकूर मोठ्याने वाचत होते, आणि वाचता वाचता ताटल्या रिकाम्या करत होते. मी सारखी आत-बाहेर करत होते. “आत्या, तू खा ना आधी.” “बायांनी मागून खायाचं गो. तुज्या बापाला सांग, पत्रकात लिव, आत्याला भूक नाय.” शेवटचा घाणा तव्यावर असताना वडिलांनी आत्याला हाक मारली, “ताई, अजून आण गं.” मी गॅस बंद केला, ते तुरे ताटलीत काढून आत्याच्या हातात दिले आणि दारात जाऊन म्हणाले, “संपलं.” मागे आत्याने उभ्यानेच एक तुरा तोंडात टाकला, जीभ पोळली तशी हसली. “असा कुरकुरीत लागतं काय ह्यो?” जन्मभर तीच तो भाजत आली होती. आता पत्रकं मी लिहिते, पण ‘समता’ लिहिताना मला उठून एकदा स्वयंपाकघरात डोकावून यावं लागतं. आज तुमच्याकडे जे काही भाजलं जाईल, त्यातला पहिला तुकडा भाजणारीला खायला लावा, मगच आपलं ताट ओढा.