आईसाठी बसवलेली सीट

लष्कराच्या लिलावातली ती जीप मी कुसगावच्या अंगणात ओढून आणली, तेव्हा शेजारच्या आबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिला बैल कुटं जुंपायचे?" त्यांचंही काही चुकत नव्हतं. हुडाच्या चिंध्या झालेल्या, बॅटरी नाही, ब्रेक नावालाच. मी लोणावळ्यात रेल्वेत फिटर होतो, त्यामुळे लोखंडाची भीती नव्हती. पण मोटारीचं इंजिन हे निराळंच प्रकरण आहे, हे ते उघडल्यावर कळलं. आणि एकदा उघडलेलं तसंच मिटून ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

जीप मला मिरवायला नको होती. औंढे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आमची चार-पाच घरांची वस्ती. तिथं वर आई एकटी, इथं खाली मी एकटा. बायको तापानं गेलेली, मूलबाळ नाही. ड्यूटीवरून आलो की कुलूप आपणच उघडायचं, स्टोव्ह आपणच पेटवायचा, आणि भात करपला तर बोल लावायलाही कुणी नाही. खोटं कशाला सांगू, घर खायला उठायचं. आईला इथं आणून कायमची ठेवायची, एवढं एकच डोक्यात होतं.

पण आईचे गुडघे धरलेले. डोंगर उतरणं तिला जमेना, आणि बैलगाडी त्या चढाला लागत नसे. आमच्याकडे अशा माणसाला घोंगडीच्या झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची आणि गड्यांनी खांद्यावरून खाली आणायचं, ही रीत. आई झोळीचं नावसुद्धा काढू देईना. "झोळीतनं गेल्याली मानसं लय बगितली मी," म्हणाली. "येताना बी झोळीतनंच येत्यात. मी येईन तर बसून येईन, ताठ." झालं! तिच्यापुढं कुणाचं चाललंय? चारही चाकांनी ओढणारी गाडी आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

हिवाळा आणि उन्हाळा, सुट्टी मिळेल तेव्हा मी त्या गाडीखाली पाठीवर पडलेला. ब्रेक केले, क्लचप्लेट बदलली, स्प्रिंगांचे मोडके पाटे लोहाराकडून नवे करून घेतले. रेडिएटर झाळूनही गळतच राहिला, तेव्हा त्यात मूठभर हळद टाकली. त्या वेळी ड्रायव्हर लोक हेच करायचे, आणि खरंच थेंब थांबला. आईच्या बाजूची सीट मात्र पार नवी केली. लाकडी चौकट, आत ठासून काथ्या, वर ताडपत्री. चढायला खाली पायरी, धरायला पुढं दांडी. आबांना बसवून पाहिलं. ते ताठ बसले नि म्हणाले, "सरपंच झाल्यावानी वाटतंय!" कितीतरी दिवसांनी मी मोठ्यानं हसलो.

गाडी चालू झाली तोवर पाऊस तोंडावर आला. वस्तीची वाट चिखलाची, म्हणून आईनं निरोप धाडला, आता दिवाळीलाच ये. एक दिवस कामावरून आलो तर अंगणात गाडी दिसेना. दिसणार कशी? पावसाळ्याआधी आम्ही मावळातले लोक घराच्या भिंतींना गवत-पेंढ्याचे झाप बांधतो, तसे आबांनी जीपला चहूबाजूंनी बांधले होते. मला न सांगता, न विचारता. मला भरून आलं. आपल्यासाठी कुणी काही करण्याची सवयच गेली होती.

पाऊस सरल्यावर झाप सोडले आणि डोकंच फिरलं. उंदरांनी आत संसार थाटला होता. एक वायर धड नाही. मी कुंपणावरून ओरडलो, "आबा, गाडी झाकलीत का उंदरांना बंगला बांधून दिलात?" ते शांतपणे म्हणाले, "भाताचा पेंढा हाय, उंदीर येनारच की. आमच्या घरात न्हाईत व्हय?" कपाळ माझं! सगळं वायरिंग पुन्हा ओढलं, आणि वायरी धरायला आबाच बसले.

दिवाळीत जीप वस्तीवर चढवली. अख्खी वस्ती बघायला जमली. आईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, "आये, हिला आतून हळद केव्हाच लागलीय." तिला काही समजलं नाही, पण ती हसली. पायरीवर पाय, दांडीला हात, आणि वर चढून बसली. खाली कुसगावपर्यंत ताठ बसून आली, वाटेत भेटेल त्याला हात करत.

मग घर घरासारखं झालं. दाराला कुलूप नसायचं. भात करपत नव्हता, उलट मीच उशिरा आलो तर बोलणी खायचो. किती गोड लागायची ती बोलणी! मी मनातल्या मनात तिची खाट कुठल्या भिंतीला ठेवायची तेही ठरवून टाकलं.

एका सकाळी ती पिशवी भरून ओट्यावर बसलेली. "भाताची झोडणी आली," म्हणाली. "खळ्यावर मी नगं का? सोड मला."

"आये, मी तुला राहायला आणलंय. कायमची."

"व्हय रं बाबा, ठावं हाय मला." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पर आता काय घोर? गाडी केलीस न्हवं? झोळीत येयाचं आसतं तर एकदाच आले आसते, आन हितंच ऱ्हायले आसते. आता कदी बी आण, कदी बी सोड."

गाडी मीच केली होती. तिला वर सोडलं. निघताना तिनं तांदळाची पिशवी हातात दिली आणि जेवायला थांब म्हणाली, पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर रडलो असतो.

उतारावर शेजारची सीट खडखडायला लागली. येताना एकदाही वाजली नव्हती. गाडी थांबवून पाना काढला, एकेक नट तपासला, सगळे घट्ट. वर वजन नव्हतं, एवढंच. मागं टाकलेली तांदळाची पिशवी उचलून सीटवर ठेवली, दांडीला नीट बांधली, आणि खाली आलो.