जंगलात नेलेलं हसू

त्या आवाजाला रंग असता तर तो विहिरीच्या आतल्या शेवाळाचा असता. काळपट, ओला, तळ न दिसणारा. परदेशात, मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळचं ऊन जेवणाच्या टेबलावर तिरपं पसरलेलं, आमटीच्या फोडणीचा वास अजून हवेत तरंगत असलेला, खिडकीपलीकडे ईस्ट कोस्टच्या समुद्रात नांगरलेली जहाजं हुशार वर्गातल्या मुलांसारखी गप्प उभी. आणि अशा त्या झाडूनपुसून लख्ख केलेल्या, सुरक्षित घटकेत केतकीने, आमच्या लेकीने, स्पीकरवर तो आवाज लावला. आधी दूरवरच्या वादळाची घरघर, मग दगडी पोकळीत कुणी ऊर फुटेस्तोवर हुंकारावं तशी गर्जना. माझ्या हातातला घास आमटीत परत गेला. ती हाउलर माकडं होती म्हणे. इतकीशी असतात, असं म्हणत तिने हातांनी जे माप दाखवलं ते आमच्या कुकरएवढं होतं, पण तो आवाज काही कुकराच्या कुळातला नव्हता.

केतकी प्राणिशास्त्र शिकली. आमच्या घराण्यात प्राण्यांशी संबंध आला तो दूधवाल्याच्या म्हशीपुरता, त्यामुळे हे खूळ कुणाकडून आलं यावर तिची आई सुलभा आणि मी अजूनही एकमेकांकडे बोट दाखवतो. आता ग्वाटेमालातल्या एका राखीव अरण्यातल्या संशोधन-तळाने तिला अर्ध्या वर्षासाठी बोलावलं होतं. माया लोकांनी बांधलेली आणि मग सोडून दिलेली नगरं त्या अरण्याच्या पोटात आहेत. वृक्षांच्या छतातून उंच देवळांचे माथे तेवढे वर आलेले, पायऱ्यापायऱ्यांवरून मुळं ओघळलेली, आणि ज्या चौकात कधी राजे मिरवले असतील तिथल्या झाडांवर ही गर्जणारी माकडं नांदत असलेली. त्यांच्यामागे आमची मुलगी दुर्बीण घेऊन हिंडणार होती. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. चांगला रुंद, भरघोस हसलो आणि म्हणालो, "वा! छान!"

ती माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, सोमवारी तिला तळावर उत्तर कळवायचं आहे. त्याआधी मी एक सकाळ तिच्याबरोबर इथल्या जंगलात यावं, आणि त्यानंतरही मी नको म्हणालो तर ती जाणार नाही. शब्द दिला तिने. सुलभाने आमटीचं भांडं उगाचच हलवलं.

चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मी धोके मोजण्याचं काम करतो. म्हणजे इतर लोक उत्साहाने काही करू पाहतात तेव्हा ते कसं बुडेल हे सभ्य भाषेत सांगण्याचा मला पगार मिळतो. माझं 'नको' तर तयारच होतं. फक्त ते बापाच्या काळजीतून नव्हे, अभ्यासातून आल्यासारखं वाटावं, एवढ्यासाठी मी बरंच काही पाहून ठेवलं: पालापाचोळ्याच्या रंगाचे विषारी साप, चट्ट्यापट्ट्यांच्या सावलीत विरून जाणारा जग्वार, पावसात वाहून जाणाऱ्या वाटा. पण खरं सांगायचं तर सापाजग्वारांपेक्षा मला ती देवळंच जास्त भिववत होती. ज्या अरण्याने आख्खी नगरं, त्यांची तळी, बाजार, पंचांगं सगळी सावकाश पचवली, त्याला चष्मा लावणारी आणि पोळ्या वाकड्या लाटणारी एक मुलगी कितीशी जड जाणार होती?

शनिवारी उजाडताना आम्ही निघालो. जंगलात खाण्याची पिशवी न्यायची नाही असं केतकीने बजावलं होतं. पण आमच्या घरातून वाटेला लागणारा माणूस रिकाम्या हाताने उंबरा ओलांडत नाही, मग ती वाट शहरातल्या एमआरटी रेल्वेची का असेना. सुलभाने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी लाल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, गुडघ्यामुळे स्वतः येत नसल्याची भरपाई म्हणून, गुपचूप माझ्या हातात दिली, आणि मीही ती तितक्याच गुपचूप छत्रीआड धरली.

अप्पर थॉमसन रस्त्यावरून आत वळलं की शहर कुणी दार लावून घेतल्यासारखं मागे राहतं. कुजलेल्या पानांचा गोडसर, किंचित आंबूस वास, पायाखालची माती ओल्या कणकेसारखी, आणि वरच्या पानांतून गाळून गाळून खाली पोचलेला प्रकाश, इतका हिरवा की आपलेच हात परक्याचे वाटावेत. इथे पूर्वी गाव होतं. माणसं उठली, छपरं गेली, पण त्यांनी लावलेले फणस आणि रामबुतान अजून फळतात. कुठे एक भिंत मुळांनी गच्च धरलेली, कुठे न्हाणीघराच्या फरश्या, आणि एका चढावर शेवाळलेल्या सिमेंटच्या पायऱ्या, ज्या नीट वर चढत जाऊन कुठल्याच दाराशी पोचत नव्हत्या. त्या पायऱ्यांपाशी मला पहिली थंडी वाजली. कुणीतरी या झाडल्या असतील, संध्याकाळी इथे उभं राहून कुणाला तरी हाक मारली असेल. ग्वाटेमाला मला इथेच, एमआरटीच्या तिकिटाच्या पैशांत दिसलं होतं.

केतकीला वळणापलीकडे काळ्या वानरांची चाहूल लागली. मला पायरीवर बसवून ती म्हणाली, हलू नकोस, काही नाही होणार ला. हा वाक्याच्या शेवटचा 'ला' तिच्या जिभेला इथल्या शाळेने चिकटवलेला आहे. एरवी मला तो गोड वाटतो. ती गेली, तिची पाठ पानांत मिसळली, आणि मग ती दिसेनाशी झाली. एवढंच. मुलगी हाकेच्या अंतरावर होती, पण रातकिड्यांनी एकदम कर्कश सूर लावला आणि मला वाटलं, असंच असतं ते. पाठ, पानं, आणि मग नुसती पानं.

मागे काहीतरी धपकन पडलं. वळून पाहिलं तर वरच्या पायरीवर एक माकड. भुऱ्या अंगाचं, लांब शेपटीचं, दणकट. आणि त्याच्या मागे भिंतीवर, फांदीवर, फणसाच्या बुंध्याशी त्याचं सगळं गणगोत. गावाकडे मारुतीच्या देवळात माकडांना फुटाणे टाकलेला माणूस मी, पण तेव्हा मध्ये आजोबांची काठी असे. आता मी होतो, लाल पिशवी होती, आणि ते होतं. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे पाय जमिनीतून उपटून कुणी दुसरीकडे लावल्यासारखे झाले. आणि भीतीने गारठलेल्या त्या क्षणी मी जन्मभर जे करत आलो तेच केलं. साहेबांसमोर, इस्पितळात, विमान हेलकावे खात असताना जे करतो ते. मी हसलो. सगळे दात दाखवून, अत्यंत अदबीने, त्या माकडाकडे पाहून हसलो.

ते एक पायरी खाली आलं. मी आणखी हसलो. ते आणखी एक पायरी खाली आलं आणि त्याच्या मागचं गणगोत सरसावलं. हाक मारली असती तर तीही बहुधा "गुड मॉर्निंग" अशीच निघाली असती.

"बाबा, दात झाक."

केतकी वळणावर उभी होती. आवाज अगदी हलका, लहान मुलाला झोपवताना असतो तसा. "ओठ मीट. खाली बघ. पिशवी सोड."

मी ओठ मिटले. किती जड असतात ओठ. पिशवी सोडली, एक भुरा हात आला, लाल रंग हलला, आणि सुलभाच्या दशम्या चटणीसकट फणसावर चढल्या.

बराच वेळ आम्ही त्या बिनदाराच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून होती. मग तिने सांगितलं की या माकडांत असं दात दाखवतं ते घाबरलेलं माकड. मी तुझ्यापुढे काही नाही, मारू नकोस, असा त्याचा अर्थ. म्हणून समोरचं माकड निवांत पुढे येतं आणि हातातलं काढून घेतं.

"त्या दिवशी जेवताना तू अस्साच हसलास," ती म्हणाली.

इतकी वर्षं ज्या हसण्याच्या आड मी सुखरूप लपलो होतो, ते हसणं एका माकडाने आणि माझ्या मुलीने एकाच नजरेत वाचलं होतं. आता लपायला काही उरलं नव्हतं. मी ओठ मिटून, खाली बघत म्हणालो, "मला फार भीती वाटते गं."

तिने गुडघ्यावरचा हात काढला नाही. "मलापण," ती म्हणाली. "म्हणून तर ठरवायचं तुझ्यावर टाकलं. तू नको म्हणाला असतास तर मी सुटले असते."

वरच्या पानांत कुठेतरी फांदी वाकून सरळ झाली. तिची काळी वानरं असावीत, पण आमच्यापैकी कुणीच वर पाहिलं नाही. माझं नको जिभेच्या टोकावर तयार होतं. ते उच्चारलं असतं तर आम्ही दोघं त्या क्षणी सुटलो असतो, घरी जाऊन जेवलो असतो, आणि मग ती आयुष्यभर माझ्याकडे पाहून छान, रुंद हसली असती.

"दशम्या तिकडे कितपत टिकतील?" मी विचारलं.

ती चष्मा काढून पुसत म्हणाली, "कोरड्या केल्या तर टिकतील."

घरी सुलभाने आधी माझे हात पाहिले, मग चेहरा, आणि केतकीने तिला माझा दशम्यांचा प्रश्न सांगितला. दुपारी तिने पुन्हा दुधात कणीक भिजवली. टिकतात किती ते बघू, असं ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली.

सोमवारी केतकीने उत्तर कळवलं. त्या संध्याकाळी, जहाजांवर दिवे लागत असताना, मीच तिला तो आवाज पुन्हा लावायला सांगितला. ही माकडं भांडण करायला लागू नये म्हणून गर्जतात, असं ती सांगत होती. दोन कळप दूरदूरून एकमेकांना ऐकवतात आणि मग कुणालाच जवळ यावं लागत नाही. मी ओठ मिटून ऐकत होतो. घरघर आली, हुंकार आला, खिडकीच्या काचा बारीक थरथरल्या. आणि त्या अजस्र गर्जनेच्या अगदी तळाशी मला पहिल्यांदाच कुणीतरी घाबरलेलं ऐकू आलं.