मारका होता की नव्हता

"ठाण्याच्या कोर्टात दावा लावावा," एवढं वाचून मी थांबलो. समोर काकड बसला होता, साखरशेतचा शेतकरी. प्रश्न त्याचाच होता. महिनाभर वाट बघून आज उत्तर ऐकायला पहाटेच निघून तो मोखाड्याच्या बाजाराला चालत आला होता.

"मास्तर, ठाणं कुठं आलं?" त्याने विचारलं.

काय सांगणार, कपाळ? साखरशेत जव्हारच्या राजाचं, मोखाडा इंग्रजांचा. ठाण्याच्या कोर्टाचा साखरशेतशी काडीचा संबंध नव्हता. पण मुंबईत बसून उत्तरं लिहिणाऱ्या एडिटरला हे कोण सांगणार?

माझी नोकरी मिशनच्या 'वाचका'ची. मिशनचं एक मासिक निघायचं. त्यात लोकांनी पाठवलेल्या प्रश्नांना एडिटर उत्तरं द्यायचा. इकडे वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून बाजारच्या दिवशी झाडाखाली बसून मी अख्खा अंक मोठ्याने वाचायचो. नियम एकच. छापलंय तेच वाचायचं, पदरचं घालायचं नाही. माझी मराठी नगरकडची आणि पुस्तकी, लोकांची घरची बोली निराळी. म्हणून सोबत शांताबाई असायच्या. त्या मिशनच्या बायबल वूमन, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र सांगणाऱ्या. वयाने माझ्या आईएवढ्या. मी वाचायचं, त्यांनी बोलीत समजवायचं.

खरं सांगतो, त्या मासिकाचा मला मनस्वी राग यायचा. नाव ख्रिस्ती, आणि आत काय? साबण कसा करावा, अर्ज कसा लिहावा, एरंडेल केव्हा घ्यावं. शास्त्राचं वचन शेवटच्या पानावर कोपऱ्यात, तेही जागा उरली तर. एकदा सुपरिंटेंडेंट साहेबांकडे तक्रार केली.

"लोकांना उपयोगाचं द्यावं लागतं," साहेब म्हणाले.

"मग शास्त्र काय बिनउपयोगाचं आहे?"

"तुम्ही वाचा. काय छापायचं ते आम्ही बघू."

मी वाचत राहिलो. पोटाचा प्रश्न होता.

तर काकडचं दुखणं असं. काकड आणि शेजारचा देवजी, दोघांचेही दोन-दोन बैल. चरताना देवजीच्या बैलाने काकडच्या एका बैलाला शिंगाने फाडलं आणि तो मेला. एका बैलावर नांगर चालत नाही. राब भाजून झाला होता, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून वाफे तयार होते, आणि नांगरणी तोंडावर आली होती. ती हुकली तर घरातली पाच माणसं वर्षभर खाणार काय? त्यात दोघांचं बोलणं बंद. दर वर्षी सावड करणारे, एकमेकांच्या शेतात राबणारे हे लोक. देवजीही त्या दिवशी बाजारात होता. मिठाच्या पाट्यांपलीकडे आमच्याकडे पाठ करून बसला होता, कान मात्र इकडेच.

"वाचून झालं?" शांताबाईंनी मला विचारलं.

"झालं."

"मग आता मी बोलते." त्या काकडकडे वळल्या. "मासिकात आहे ते ऐकलंस. आमच्या शास्त्रात खुद्द बैलाचाच कायदा आहे, तो ऐक."

मी चपापलो. तो भाग मी कितीदा तरी वाचलेला. शास्त्र मागे पडलं म्हणून बोंब मारणारा मीच, आणि काकडचा प्रश्न एडिटरला लिहून पाठवताना मला तो आठवला नव्हता.

बाईंनी बोलीत समजावलं. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला, तर आधी बघायचं की तो मुळातला मारका होता का. मारका आहे हे ठाऊक असून धन्याने बांधला नाही, तर बैलाच्या बदल्यात अख्खा बैल द्यायचा. मारका नसेल, तर जिता बैल विकून पैसा निम्मा-निम्मा वाटायचा. मेलेल्याचंही निम्मं निम्मं.

"देवजी, असा इकडं ये. पाठ करून ऐकलेलं अर्धंच कळतं," बाई म्हणाल्या. तो आला. आता त्यालाच विचारणार असं सगळ्यांना वाटलं. बाईंनी विचारलं काकडला.

"तूच सांग. मारका होता की नव्हता?"

'होता' एवढं म्हटलं की अख्खा बैल मिळत होता. देवजी नाही म्हणाला असता, पण त्याचं कोण ऐकणार? काकड बराच वेळ काटकीने जमीन उकरत राहिला.

"नव्हता, बाय," तो शेवटी म्हणाला. "गरीब होता. माझी पोरं त्याच्या पाठीवर बसत."

देवजी खाली मान घालून उभा होता. "पुढल्या बाजारी इकतो," तो म्हणाला. "निम्मं तुझं."

आजवर मी पुष्कळ साक्षी ऐकल्या. स्वतःविरुद्ध इतकी सरळ साक्ष पुन्हा ऐकली नाही.

बैल विकला गेला. निम्म्या पैशात नवा बैल काही येत नव्हता. म्हणजे दोघांकडे एकेक बैल उरला, दोघांचा मिळून एकच नांगर. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"असं होणार हे तुम्हाला ठाऊक होतं?" मी शांताबाईंना विचारलं.

"मला कुठलं? कायदा देणाऱ्याला असेल."

सगळी हकिकत मी साहेबांना रिपोर्टात लिहिली. त्यांनी ती एडिटरकडे पाठवली. 'सर्वसाधारण वाचकांस उपयुक्त नाही' असा शेरा मारून ती परत आली. पुढच्या अंकात ढेकणांवरचे उपाय होते. तेही मी वाचले.

नांगरणीच्या दिवसांत साखरशेतला गेलो. एका जुवाला काकडचा उंच बैल आणि देवजीचा ठेंगणा. नांगराचं तास वाकडंतिकडं जात होतं. नांगर देवजीच्या हातात, शेत काकडचं. दुसऱ्या दिवशी देवजीच्या शेताची पाळी होती. बांधावर काकडला मी विचारलंच, "एक शब्द खोटा बोलला असतास, तर तुझी स्वतःची जोडी झाली असती ना रे?"

"झाली असती, मास्तर," तो म्हणाला. "पण मग सावडीला हाक कोणाला मारली असती?"

मी बारा वर्षं शास्त्र वाचत होतो. त्याने ते एकदाच ऐकलं होतं.