दाढेचा ऑक्सिजन

आमच्या इंदोऱ्यातल्या गल्लीत ऑक्सिजन या शब्दाला एकच अर्थ होता. 'त्याले आक्सिजन लावला' असा निरोप दवाखान्यातून आला की बाया चुलीवरचं उतरवून ठेवत आणि बाहेरगावच्या नातेवाइकांना कोण कळवणार ते ठरवायला लागत. नळी लागलेला माणूस आपल्या पायांनी परत आलेला आम्ही कोणी पाहिला नव्हता. माझ्या आजोबांनाही ती लागली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मराठी घेऊन बी.ए. करत होते. सीताबर्डीच्या एका दातांच्या डॉक्टरांनी बाबांची अक्कलदाढ काढली. ब्याद गेली असं वाटलं, पण दाढेचा खड्डा चिघळला. गाल सुजून डोळा बारीक झाला, जबडा आखडला, तोंडात कसाबसा चमचा जाई. घरात बोलणारं माणूस एकच, ते मुकं झालं. मला भीती वाटत होती आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती.

आई त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाबा तोंडात कापूस घेऊन खुर्चीत, म्हणून डॉक्टर दाराशी येऊन तिच्याशीच बोलले. परत आल्यावर बाबांना खाटेवर निजवून तिनं मला मागच्या अंगणात नेलं आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणते, आता आक्सिजन द्या लागन."

त्यापुढचं तिनं काही ऐकलंच नव्हतं. पिशवीत एक तपकिरी बाटली होती. त्यातलं औषध कोमट पाण्यात घालून चूळ भरायची, एवढं कंपाउंडरनं बजावलं होतं. बाटलीवरचं इंग्रजी मला वाचता आलं, कळलं मात्र काही नाही. आईच्या हिशेबी हा नळी लागेपर्यंतचा इलाज होता. तिनं लगेच खाप्याला, आत्याच्या गावी, निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या आली. येताना भावाच्या आवडीचे भाजलेले शेंगदाणे घेऊन आली. ज्याचं तोंड उघडत नाही त्याला दाणे कशाला, असं कोणी विचारलं नाही. जाणाऱ्याची इच्छा राहू नये म्हणून खाऊ आणतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनाही. आत्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळायला लागली, तसे ते आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांना विचारता येत नव्हतं. बाबा भितात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात आईनं पहिल्यांदाच चुळीचं औषध दिलं. क्षणात त्यांच्या ओठांतून पांढरा फेस निघाला आणि हनुवटीवरून गळ्यावर ओघळला. आमच्याकडे असा फेस विष घेतलेल्याच्या तोंडाला येतो. आत्यानं हंबरडा फोडला. आईनं पेला हिसकावून मोरीत ओतला. आता हे औषध द्यायचं नाही, असं तिनं बजावलं. दुपारपर्यंत बाबांना ताप चढला.

मी बाटली घेऊन सायकलनं सीताबर्डी गाठली. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं, पण ते गंभीर झाले. "औषध बंद केलंत? अहो, तो फेस म्हणजेच ऑक्सिजन. त्या खड्ड्यात हवा पोचत नाही, म्हणून तिथे घाण वाढते. पू वर चढला तर मग खरंच नळी लावायची पाळी येईल."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. आईचा विश्वास बसेना. शेवटी मी सगळ्यांसमोर त्याच औषधाची चूळ भरली. जीभ चुरचुरली, माझ्याही ओठांवर फेस आला. मी तो थुंकून टाकला आणि तशीच उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेल्यासाठी हात पुढे केला.

इंजेक्शनं झाली, चुळा चालू राहिल्या, सूज उतरली. जबडा सुटल्यावर त्यांचं पहिलं वाक्य आत्यासाठी होतं. "दाणे ठेवले काय वं, का संपवले?"

पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात या ऑक्सिजनचं हसं होत राहिलं. कोणी फार घाबरलं की आई म्हणायची, दाढेचा ऑक्सिजन आहे, खाप्याले निरोप पाठवू नका.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बाबांना धाप लागायला लागली. दवाखान्यात नेलं, तिथे नळी लावली. आत्याला कळवू या, असं मी आईला म्हटलं. ती शांतपणे त्यांचं पांघरूण सारखं करत होती. "दाढेच्या वक्ती पाहिलं नं? आक्सिजननं माणूस बरा होते," ती म्हणाली. "उगाच तिले काहून घाबरवतं?"

आत्या आली तेव्हा नळी काढून ठेवली होती आणि पांघरूण बाबांच्या तोंडावर ओढलं होतं. ती बाबांच्या पायाशी बसली, तळव्यांवर हात ठेवला आणि आईकडे वळली.

"वहिनी, या वक्ती मले काहून नाही बोलावलं?"