भाडं तीस हजार, हातात काय?

संदीप पाटणकर पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आमच्या मुलुंडच्या ऑफिसात आले. सोबत बायको, मेधा. होम लोन मंजूर झालं होतं आणि सोमवारी फ्लॅटच्या मालकाला टोकन द्यायचं होतं. मी लोन कन्सल्टंट. लोकांची फाइल बँकेत लावते, लोन झालं की आमच्या ऑफिसला कमिशन मिळतं.

संदीप पवईला एका कंपनीत इंजिनिअर. बोलता बोलता म्हणाले, आता व्हीआरएस घेणार, पूर्णवेळ तबला शिकवणार. फ्लॅट भाड्याने देऊन घर चालवणार.

माझा पेढा हातातच राहिला. लोन पगारावर मंजूर झालं होतं, आणि पगारच बंद होणार होता.

त्यांचा हिशोब सरळ होता. एक कोटीचा वन बीएचके. स्टॅम्प ड्युटी धरून खिशातले अठ्ठावीस लाख, बाकी ऐंशी लाख लोन. भाडं तीस हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार. अठ्ठावीस लाखांवर जवळजवळ तेरा टक्के.

"आणि हप्ता?" मी विचारलं.

हप्ता व्हीआरएसच्या पैशातून जाईल, असं त्यांनी धरलं होतं.

मी कॅल्क्युलेटर मेधाताईंकडे सरकवला. आमच्या धंद्यात याला रोख परतावा म्हणतात: सगळे खर्च आणि हप्ता गेल्यावर जे हातात उरतं, ते आपण घातलेल्या पैशाच्या किती टक्के. मेंटेनन्स, टॅक्स आणि भाडेकरू नसेल तो काळ धरला, तर तीस हजारांचे बावीस उरत होते. हप्ता एकोणऐंशी हजार. म्हणजे महिन्याला सत्तावन्न हजार उलट खिशातून. व्हीआरएसचे तीस लाख साडेचार वर्षांत संपले असते. लोन पंधरा वर्षांचं.

"पण किंमत वाढेल ना?" संदीप म्हणाले.

"वाढेल. पण घर विकेपर्यंत त्यातून दूध-भाजी येणार नाही."

मेधाताई नवऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "तुला फ्लॅट हवाय की तबला, ते आधी ठरव."

संदीपनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला. मग म्हणाले, "तबला."

तेच अठ्ठावीस लाख साध्या एफडीत ठेवले तर महिन्याला पंधरा-सोळा हजार येतील, हे मी सांगितलं. मेधाताईंची कॉलेजची नोकरी होतीच.

फाइल रद्द केल्याचं कळल्यावर आमचे देसाई सर केबिनमधून बाहेर आले.

"लोन सँक्शन होतं गं. तुला कोणी सल्ला विचारला होता?"

"नाही सर. पण हप्ते थकले असते, तर नाव आपलंच निघालं असतं."

ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

संदीपनी व्हीआरएस घेतली. आता घरच्याच हॉलमध्ये क्लास चालतो आणि शेजाऱ्यांची थोडी कुरकुरही. कंपनीतल्या दोन मित्रांना त्यांनी आमच्याकडे पाठवलं. त्यांना राहायलाच घर हवं होतं. कमिशन आलं, सरही निवळले.

भाडं किती येईल, हे सगळेच विचारतात. हप्ता गेल्यावर काय उरेल, हे टोकन देण्याआधी विचारायचं असतं.