चोप्राजींच्या वाट्याला आलेला सोनचाफा

तीन वर्षं जपलेला सोनचाफा मी चोप्राजींना देऊन टाकला, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो.

सोनचाफा अर्थातच माझा नव्हता. तो नीलिमाचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा. रत्नागिरीहून दिल्लीतल्या द्वारकेपर्यंत तिनं ते रोप रेल्वेत मांडीवर बसवून आणलं होतं. (माझ्या मांडीवर तिच्या बॅगा होत्या.) इथल्या दोन हिवाळ्यांत ते मरता मरता वाचलं आणि तिसऱ्यात, भर डिसेंबरात, त्याला पहिलीवहिली कळी आली! ही रोज उठून आधी कळीकडे बघायची, मग माझ्याकडे. दोन्ही वेळचा चेहरा सारखा नसायचा. थंडी बाधू नये म्हणून रोपाला वर्तमानपत्राचा डगला असे.

नाताळच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या प्लांट क्लबचा मेळावा होता. प्रत्येकानं एक कुंडी न्यायची आणि चिठ्ठ्या टाकून अदलाबदल करायची. प्लास्टिकला बंदी, भेट वर्तमानपत्रातच गुंडाळायची, हा नियम खुद्द सेक्रेटरीबाईंचा. सेक्रेटरीबाई म्हणजे हीच! ती सकाळीच हॉल सजवायला गेली आणि तिथून फोन आला.

"अहो, बाल्कनीतली पेपरात गुंडाळलेली कुंडी घेऊन या. आणि जरा लवकर!"

बाल्कनीत तशा दोन कुंड्या. एक एवढीशी, एक चांगली थोराड. मी विचार केला (इथेच घात झाला!), एवढीशी कुंडी नेली तर सगळे म्हणतील, मराठी माणूस कंजूष. महाराष्ट्राची अब्रू राखण्याच्या भरात सोनचाफ्याचा डगला साफ विसरून मी थोराड कुंडी उचलली.

चिठ्ठीत ती चोप्राजींना गेली. आठव्या मजल्यावरचा धिप्पाड, दिलदार माणूस. त्यांनी टराटरा कागद फाडला आणि ओरडले, "ओये, इसमें तो कली है!"

नीलिमा गाजर हलवा वाढत होती. तिचा हात तिथेच थांबला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अहो, काय केलंत हे!" ती माझ्याजवळ येऊन पुटपुटली. "मी सेक्रेटरी. दिलेली भेट मी कुठल्या तोंडानं परत मागू? तुम्हीच निस्तरा!"

मी निस्तरायला गेलो.

"चोप्राजी, ये पौधा रहने दीजिए. बीमार है."

"बीमार? अच्छा-भला तो है!"

"ऊपर से. अंदर कीड़ा लगा है."

आणि हे मी कुठे बोललो? झाडवेड्यांनी खच्चून भरलेल्या हॉलमध्ये! हलवा टाकून सगळा क्लब धावला. एकीनं पर्समधून भिंग काढलं. एकानं कोपरापर्यंत बाही सारून मातीत बोट खुपसलं. "नीम का तेल लाओ!" असा पुकारा झाला. कुंडी उपडी करून मुळं बघावीत की नाही, यावर दोन तट पडले. तेवढ्यात चोप्राजींनी कोटाच्या खिशातून छाटणीची कात्री काढली. (हा गृहस्थ लग्नालाही कात्री घेऊनच जात असणार!)

"टेंशन मत लो यार. पहले कली काट देते हैं. सारी ताकत जड़ में जाएगी."

कात्री कळीला टेकली.

"अहो, कापू नका!" मी चक्क मराठीत किंचाळलो आणि कुंडीला कवटाळून खाली बसलो. "झूठ बोला मैंने! पौधा बिल्कुल ठीक है! बीवी का है. मैं गलती से उठा लाया!"

चोप्राजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नीलिमाकडे. मग कात्री खिशात टाकली, माझ्या मिठीतून कुंडी सोडवली आणि तिच्या हातात दिली.

"बहनजी, फूल खिले तो चाय पे बुला लेना."

नीलिमा एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. माझेही डोळे भरून आले. (माती गेली होती, असं मी सांगतो.) मग धावत घरी जाऊन ती एवढीशी कुंडी आणली आणि चोप्राजींना दिली. तिच्यात साधा मनी प्लांट निघाला, तरी त्यांनी तो छातीशी धरला. माझ्या महाराष्ट्राची अब्रू मात्र त्या मातीतच गेली.

संध्याकाळी सेक्रेटरीबाईंनी क्लबच्या ग्रुपवर मेळाव्याचा रीतसर अहवाल टाकला. शेवटची ओळ अशी होती: "पौधा पूरी तरह स्वस्थ है. बीमारी घर के दूसरे मेंबर में निकली. इलाज चालू है."

आमचं घर अवघ्या तीन माणसांचं, त्यात आमची लेक शिकायला पुण्यात. म्हणजे उरलो आम्ही दोघंच. अख्ख्या क्लबात 'कौन?' म्हणून एकानंही विचारलं नाही.