राहुकाळाआधी जोडलेली वायर

त्या शनिवारी मी वडिलांचा छळ केला. याला दुसरा शब्द नाही.

मंगळवारी आईचं वर्षश्राद्ध होतं. उदगीरकडच्या आमच्या पाहुण्यांना फोन चालत नाही, पत्र हातात पडलं तरच बोलावणं आलं असं ते धरतात. अप्पांनी महिनाभर एका बोटानं टाइप करून पानभर पत्र कॉम्प्युटरवर तयार ठेवलं होतं. शेजारच्या अक्का बाराच्या बसनं उदगीरला निघणार होत्या, त्यांच्याच हाती पत्रं द्यायची होती. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, पण छापायचं ते घरीच, हा अप्पांचा हट्ट. त्यासाठी नवा प्रिंटर घेतला. तो मी कलबुर्गीहून हुमनाबादला येऊन जोडून द्यायचा होता.

मी येईपर्यंत वायरीला हात लावू नका, असं फोनवर दोनदा बजावलं होतं. साडेनऊला घरी पोचलो तर प्रिंटर जोडलेला आणि त्याचा दिवा लुकलुकत होता. या प्रिंटरला आधी ड्रायव्हर लागतो, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरची ओळख करून देणारा प्रोग्रॅम. वायर त्यानंतरच जोडायची. इथं उलटं झालं होतं, आणि कॉम्प्युटरनं त्याची नोंद 'अनोळखी उपकरण' म्हणून करून टाकली होती.

"कामून जोडलाव?"

"नऊला राहुकाळ लागायलाता," अप्पा म्हणाले. "तुझी आई राहुकाळात नवं काम सुरू करू देत नव्हती. म्हणून आधीच जोडलो."

आई होती तोवर हेच अप्पा चारचौघांत तिच्या राहुकाळाची टर उडवायचे. ती ओशाळून पंचांग मिटून ठेवायची. मला ते आठवलं आणि माझं डोकं फिरलं.

"जिवंत होती तवा तिचं एक ऐकलाव न्हाई. आता मेल्यावर पाळायलाव व्हय?"

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोक्यातला माहितीचा इंग्रजी कागद काढून मी त्यांच्या हातात दिला.

"वाचा."

सगळी मास्तरकी मराठी शाळेत झालेला माणूस, इंग्रजी बेताचं. मला ते पक्कं माहीत होतं. त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द लावला. ड्रायव्हरच्या आधी वायर जोडू नये, एवढंच त्यात होतं.

"मोठ्यानं. परत."

मग तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. चौथीत माझा पाढा चुकला तेव्हा वर्गापुढं उभं करून त्यांनी मला असंच तीनदा म्हणायला लावलं होतं. आज फेडलं, असं वाटून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मग वायर काढली, यादीतलं ते अनोळखी उपकरण पुसलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि ड्रायव्हर पहिल्यापासून टाकायला घेतला. इंटरनेट दोनदा मध्येच गेलं. दोन्ही वेळा राग अप्पांवरच काढला. "तिकडं लांब बसा. तुमचा हात लागला की बिघडायलंय," म्हणालो. ते उठून दाराशी जाऊन बसले. पावणेबाराला पडद्यावर एकदाचं आलं, आता वायर जोडा. जोडली, आणि पत्रं भराभर बाहेर यायला लागली.

ते पत्र मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. तिथी, वेळ, जेवणाचं आग्रहाचं बोलावणं. सगळ्यात खाली एक ओळ होती : 'हे पत्र माझ्या मुलाने खास येऊन घरीच छापून दिले आहे.'

मी पत्रं गोळा केली आणि दाराशी अप्पांकडं नेली.

त्यांनी पत्रं माझ्या हातून घेतली. टेबलाशी बसून पट्टी आणि पेन काढला, आणि एकेका पत्रातली ती शेवटची ओळ ते खोडू लागले. मुलांच्या वह्या तपासायचे तसेच, सावकाश.

"कॉम्प्युटरवर काढतो की अप्पा. दोन मिनिटं लागतेत."

त्यांनी पुढच्या पत्रावर पट्टी ठेवली. शेजारच्या अक्का पिशवी घेऊन दारात आल्या.

"अप्पा, बस जायलीय. द्या की पत्रं."

"थांबा अक्का," अप्पा म्हणाले. "एक ओळ चुकलीय."